कोंक : एका अवशेषाभोवती उभे राहिलेले गाव

दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ अंतर्भागात, पूर्वी रुएर्ग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि आज आव्हेरों जिल्ह्यात मोडणाऱ्या प्रदेशात, ऊश नावाचा ओढा दुर्दू नदीला जिथे मिळतो त्या ठिकाणी, दरीच्या तीव्र उताराला बिलगून कोंक हे गाव वसलेले आहे. शेतीला सपाट जमीन नाही, व्यापाराला सोयीचा हमरस्ता नाही आणि कोणत्याही मोठ्या शहराचे सान्निध्यही नाही. उतारावर बांध घालून लावलेले द्राक्षमळे आणि रानातली चेस्टनटची झाडे एवढ्यावरच इथल्या लोकांनी शतकानुशतके गुजराण केली. तरीही या गावाच्या मधोमध युरोपीय मध्ययुगातील श्रेष्ठ चर्चवास्तूंपैकी एक उभी आहे, तिच्या दारावर त्या काळातील शिल्पकलेचा अत्यंत परिपूर्ण नमुना आहे आणि तिच्या कोशात मध्ययुगीन सुवर्णकामाचा असा संग्रह आहे की ज्याची बरोबरी करणारे संग्रह पश्चिम युरोपात फार थोडे सापडतात. इतक्या अडचणीच्या जागी हे सारे कसे निर्माण झाले आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे ते टिकले कसे, हे समजून घेतल्याशिवाय कोंकचा इतिहास समजत नाही.

परंपरेनुसार या इतिहासाची सुरुवात आठव्या शतकाच्या अखेरीस दादों नावाच्या एका तपस्व्यापासून होते. स्पेनच्या बाजूने येणाऱ्या मुस्लिम फौजांशी झालेल्या चकमकींत त्याची आई पकडली गेली आणि मारली गेली. त्या दुःखाने आणि पश्चात्तापाने तो संसार सोडून या निर्जन दरीत येऊन राहिला, अशी त्याची कथा नवव्या शतकातील एर्मोल्ड या कवीने लिहून ठेवली आहे. हळूहळू इतर साधक त्याच्याभोवती जमले आणि संत बेनेडिक्टच्या नियमावलीप्रमाणे, म्हणजे प्रार्थना, श्रम आणि अध्ययन यांची दिवसाच्या प्रहरांनुसार आखणी करून सामुदायिक जीवन जगणाऱ्या संन्याशांचा मठ तेथे स्थापन झाला. शार्लमेनचा मुलगा, सम्राट धर्मनिष्ठ लुई याने 819 मध्ये दिलेल्या सनदेने या मठाला राजाश्रय लाभला. पुढे त्याच्याच घराण्यातील पेपिन याने, दरीतील जागा अपुरी आणि गैरसोयीची आहे म्हणून, काही अंतरावरील फिजाक येथे दुसरा मठ उभारण्यास साहाय्य केले आणि त्यातून मूळ मठ कोणता व शाखा कोणती असा एक कडवट वाद उद्भवला, जो 1096 मध्ये नीम येथील धर्मपरिषदेत दोन्ही मठांना परस्परांपासून स्वतंत्र ठरवूनच मिटला. फिजाककडे सपाट जमीन होती, रस्ता होता, भवितव्य होते. कोंककडे यांपैकी काहीच नव्हते. टिकून राहण्यासाठी या मठाला लोकांना दरीत खेचून आणणारे काहीतरी हवे होते.

मध्ययुगीन ख्रिस्ती जगात असे खेचून आणणारे सामर्थ्य संतांच्या अवशेषांत असे. अवशेष म्हणजे हुतात्म्याच्या किंवा संताच्या देहाचा अस्थिरूप भाग. त्या अस्थींत संत स्वतः उपस्थित असतो, तो आपल्या जागेचे रक्षण करतो, भक्तांना बरे करतो आणि शत्रूंना शासन करतो, अशी दृढ श्रद्धा होती. कोंकच्या संन्याशांनी प्रथम स्पेनमधील संत व्हिन्सेंटच्या अस्थी आणण्याचा प्रयत्न केला, पण तो फसला. त्यानंतर त्यांची दृष्टी आजां या शहरातील सेंत फ्वा या संतस्त्रीकडे वळली. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या काळात, इ.स. 303 च्या सुमारास, रोमन देवतांना बळी अर्पण करण्यास नकार दिल्यामुळे छळ करून ठार मारली गेलेली ही सुमारे बारा वर्षांची मुलगी होती, असे परंपरा सांगते. कोंकच्या अरिविस्कुस नावाच्या एका संन्याशाने आजां येथे जाऊन, आपली ओळख लपवून, तेथील धर्मसमुदायाचा विश्वास संपादन केला, दहा वर्षांनी त्याच्याकडे कबरीच्या राखणीचे काम आले आणि एका रात्री कबर फोडून त्याने अस्थी कोंकला आणल्या, अशी कथा आहे. ही घटना सामान्यतः 866 च्या सुमारास घडली असे मानले जाते. आजच्या वाचकाला ही उघड चोरी वाटेल, आणि ती चोरीच होती. परंतु त्या काळच्या धारणेनुसार संताची इच्छा नसेल तर त्याच्या अस्थी कोणीही हलवू शकत नसे, त्यामुळे चोरी यशस्वी झाली यातच संताची संमती आहे असा युक्तिवाद करता येई, आणि म्हणूनच कोंकच्या संन्याशांनी ही गोष्ट लपवली नाही, उलट ती सविस्तर लिहून ठेवली.

दहाव्या शतकाच्या अखेरीस, 983 च्या सुमारास, गिबेर नावाच्या एका आंधळ्या झालेल्या माणसाला येथे पुन्हा दृष्टी मिळाल्याची वार्ता पसरली आणि कोंकची कीर्ती एकाएकी वाढली. ती ऐकून आंजे या शहरातील शाळेचा प्रमुख असलेला बर्नार नावाचा विद्वान 1013 मध्ये येथे आला. उत्तरेकडच्या सुशिक्षित धर्मगुरूंना दक्षिणेकडची एक प्रथा फार खटकत असे. ती म्हणजे संताच्या अस्थी सोन्याने मढवलेल्या मानवाकृती मूर्तीत ठेवून तिच्यापुढे गुडघे टेकण्याची. बर्नारलाही ही मूर्ती पाहून प्राचीन रोमन देवतांच्या मूर्ती आठवल्या आणि त्याने सोबत्याजवळ तिची थट्टा केली, असे तो स्वतःच प्रांजळपणे नमूद करतो. पुढे लोकांची साक्ष ऐकून त्याचे मत पालटले आणि त्याने सेंत फ्वाच्या चमत्कारांचा लॅटिन ग्रंथ लिहिण्यास घेतला, ज्यात नंतर इतरांनी भर घातली. चमत्कारांवर विश्वास न ठेवणाऱ्या वाचकालाही हा ग्रंथ मोलाचा वाटावा, कारण सरंजामदारांच्या आपसांतील लढाया, विनाकारण कैदेत पडलेले शेतकरी, मठाच्या जमिनींवरील तंटे आणि सामान्य बायका-पुरुषांच्या आजारपणाच्या व्यथा यांचे इतके जिवंत दर्शन त्या शतकातील फार थोड्या लेखनात घडते. या ग्रंथातील सेंत फ्वा ही गंभीर देवता नसून हट्टी, खोडकर मुलगी आहे: ती स्वप्नात येऊन श्रीमंतांकडे अंगठ्या आणि रत्ने मागते आणि दिली नाहीत तर त्यांना सतावते. कैद्यांना बेड्यांतून सोडवणे हे तिचे विशेष कार्य मानले जाई. सुटलेले कैदी आपल्या बेड्या येथे आणून वाहत, आणि वेदीभोवती आज दिसणारे जुने लोखंडी जाळीकाम त्या बेड्या वितळवूनच घडवले आहे, असे परंपरा सांगते.

बर्नारने पाहिलेली ती मूर्ती आजही कोंकमध्ये आहे. सुमारे 85 सेंटिमीटर उंचीची, सिंहासनावर ताठ बसलेली ही आकृती यू नावाच्या वृक्षाच्या लाकडात कोरलेली असून तिच्यावर सोन्याचा पत्रा चढवलेला आहे आणि त्यावर रत्ने, स्फटिक, कोरीव शिक्क्यांचे खडे व प्राचीन रोमन काळातील उठावाचे पाषाणमणी दाटीने बसवलेले आहेत. 1954-55 मध्ये या मूर्तीची बारकाईने तपासणी झाली तेव्हा तिच्या घडणीचे निरनिराळे टप्पे स्पष्ट झाले. धडाच्या मानाने मोठे वाटणारे तिचे मस्तक मुळात या मूर्तीसाठी बनवलेलेच नसून रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातील एका सुवर्णमुखाचा पुनर्वापर आहे. बाराव्या वर्षी मारल्या गेलेल्या मुलीला त्यामुळे एखाद्या सम्राटाचा चेहरा लाभला आहे. हात आणि काही अलंकार तर कित्येक शतकांनंतर जोडलेले आहेत. प्रत्येक पिढीने आपापले दान मूर्तीवरच जडवले, त्यामुळे ही एका कलावंताची कृती राहिली नाही, आणि तिचे खरे सौंदर्यही या साचत गेलेल्या भक्तीतच आहे. सेंत फ्वाची कथा अकराव्या शतकात ऑक्सितां या दक्षिण फ्रान्सच्या भाषेत काव्यरूपाने रचली गेली आणि ती रचना त्या भाषेतील सर्वांत जुन्या साहित्यकृतींमध्ये गणली जाते.

यात्रेकरूंची संख्या वाढली तेव्हा जुने चर्च अपुरे पडू लागले आणि मठाधिपती ओदोलरिक याने, म्हणजे 1031 ते 1065 या त्याच्या कारकिर्दीत, आजच्या चर्चच्या बांधकामास सुरुवात केली. त्याच सुमारास वायव्य स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला येथील संत जेम्सच्या कबरीकडे जाणाऱ्या पायी यात्रेला मोठा बहर आला होता. फ्रान्समधून तिकडे जाणाऱ्या चार प्रमुख मार्गांपैकी ल प्वी या गावाहून निघणारा मार्ग कोंकवरून जाई, आणि बाराव्या शतकातील यात्रेकरूंच्या मार्गदर्शक ग्रंथात या मार्गाने जाणाऱ्यांनी सेंत फ्वाचे दर्शन घ्यावे असे सांगितले आहे. चर्चची रचना या गरजेतूनच घडलेली आहे. रोमानेस्क शैलीत, म्हणजे जाड भिंती, अर्धवर्तुळाकार कमानी आणि दगडी अर्धनळ्यासारखे छत असलेल्या पद्धतीत ती बांधलेली असून वेदीच्या मागून फिरणारा एक प्रदक्षिणापथ तिच्यात ठेवलेला आहे. त्यामुळे संन्याशांच्या प्रार्थनेत व्यत्यय न आणता यात्रेकरूंचा ओघ एका बाजूने आत येऊन अवशेषांभोवती फिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडू शकत असे. उतारावर जागाच नसल्याने इमारत लांबीला आखूड राहिली आणि उंचीकडे वळली. मधल्या दालनाचे छत सुमारे 22 मीटर उंच आहे आणि दालन अरुंद असल्यामुळे ही उंची प्रत्यक्षाहून अधिक भासते. तांबूस वालुकाश्म, पिवळसर चुनखडी आणि करडा शिस्ट, म्हणजे पापुद्र्यापापुद्र्याने सुटणारा या भागातला दगड, असे तीन दगड बांधकामात वापरले गेले. मध्यभागावरचा मूळ घुमट पुढे कोसळला आणि पंधराव्या शतकात तो टोकदार कमानींच्या गॉथिक पद्धतीने पुन्हा बांधावा लागला.

मठाच्या वैभवाचा कळस 1087 ते 1107 या काळात मठाधिपती असलेल्या तिसऱ्या बेगोंच्या कारकिर्दीत गाठला गेला. त्याने स्तंभावलींनी वेढलेले मठाचे चौकोनी प्रांगण बांधले आणि सुवर्णकारांकडून अनेक पेटिका घडवून घेतल्या. त्यांपैकी एक त्रिकोणी वस्तू 'शार्लमेनचा ए' म्हणून प्रसिद्ध आहे. शार्लमेनने आपल्या प्रत्येक मठाला एकेक अक्षर दिले आणि पहिले अक्षर कोंकला दिले, ही तिची दंतकथा मठाची प्रतिष्ठा वाढवण्यासाठी रचलेली आहे, कारण वस्तूची आजची घडण त्या सम्राटानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी, बेगोंच्याच काळात झाली. या मठाचे संबंध तोवर दूरवर पसरले होते: अल्सासमधील सेलेस्ता येथील चर्च आणि इंग्लंडमधील हॉर्शम सेंट फेथ येथील मठ हे दोन्ही कोंकच्या अधीन होते.

बेगोंनंतर आलेल्या बोनिफासच्या काळात पश्चिमेकडील दारावर जो शिल्पपट बसवला गेला त्यापाशी अधिक वेळ थांबणे आवश्यक आहे. दाराच्या चौकटीवरील आडवी पट्टी आणि तिच्यावरची कमान यांच्यामधला अर्धवर्तुळाकार भाग, ज्याला टिंपॅनम म्हणतात, तो येथे सुमारे 6.7 मीटर रुंद आणि 3.6 मीटर उंच असून त्यावर 124 आकृत्या कोरलेल्या आहेत. विषय आहे अंतिम न्यायाचा, म्हणजे जगाच्या शेवटी ख्रिस्त सर्व मृतांचा निवाडा करील या श्रद्धेचा. मध्यभागी भव्य ख्रिस्त बसला आहे. त्याचा उजवा हात स्वर्गाकडे उंचावलेला आणि डावा नरकाकडे खाली वळलेला आहे. त्याच्या उजवीकडे संथ मिरवणूक चालली आहे, जिच्यात मेरी आणि पीटर यांच्यामागून दादों येतो आणि त्याच्यामागून एक मठाधिपती मुकुटधारी सम्राटाला, बहुधा शार्लमेनला, हाताला धरून आणत आहे. सम्राटाच्या चालीत संकोच आहे. मठाला दिलेल्या देणग्यांच्या पुण्याईवरच त्याला प्रवेश मिळणार, हे शिल्पकाराने स्पष्ट केले आहे. खाली एका कोपऱ्यात सेंत फ्वा स्वतः जमिनीवर ओणवी झालेली आहे, वरून देवाचा हात तिला स्पर्श करीत आहे आणि तिच्यामागच्या कमानींत कैद्यांच्या बेड्या टांगलेल्या दिसतात. म्हणजे चर्चमध्ये शिरणाऱ्या यात्रेकरूला आत काय पाहायला मिळणार याचे चित्र दारावरच दिसत असे.

डाव्या बाजूचा नरक मात्र गोंधळाने भरलेला आहे. गर्विष्ठ योद्धा घोड्यावरून डोके खाली करून फेकला जात आहे, लोभी माणूस गळ्यातल्या पैशांच्या थैलीसह फासावर लटकत आहे, चहाडखोराची जीभ ओढली जात आहे, एका शिकाऱ्याला सशासारखे प्राणी विस्तवावर भाजत आहेत, आणि कुमार्गी धर्मगुरूदेखील सैतानाच्या जाळ्यात सापडलेले आहेत. मठाने आपल्याच दारावर आपल्या वर्गातील भ्रष्टांना नरकात दाखवावे, यातील निर्भयता लक्षणीय आहे. तराजूपाशी मुख्य देवदूत मायकेल आणि एक दैत्य समोरासमोर उभे आहेत आणि दैत्य बोटाने पारडे दाबून फसवणूक करू पाहत आहे. मूळच्या रंगांच्या खुणा, स्वर्गाच्या बाजूला निळा आणि नरकाच्या बाजूला तांबडा, अजूनही दिसतात. कमानीच्या कडेने कोरलेल्या लहान डोक्यांकडे अनेकांचे लक्ष जात नाही. दगडी पट्टीच्या आडून ती हे सारे दृश्य चोरून पाहत आहेत आणि त्यांना आज 'जिज्ञासू' या अर्थाच्या नावाने ओळखले जाते. अंतिम न्यायाच्या इतक्या दाहक विषयात शिल्पकाराला ही माणुसकीची नजर ठेवावीशी वाटली, यावरून त्याची योग्यता कळते.

तेराव्या शतकानंतर ओहोटी लागली. यात्रांचे मार्ग बदलले, चौदाव्या शतकात प्लेगची साथ आणि इंग्लंड-फ्रान्समधील दीर्घ युद्धे यांनी प्रदेश उजाड केला आणि मठातील शिस्त ढासळत गेली. सोळाव्या शतकात बेनेडिक्टच्या संन्याशांचा मठ संपुष्टात येऊन त्याजागी शिथिल नियमांनी राहणाऱ्या धर्मगुरूंचे मंडळ आले. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातील धर्मयुद्धांत 1568 मध्ये प्रोटेस्टंट तुकडीने चर्चला आग लावली. तथापि इतरत्र ज्या दैन्यामुळे वास्तू नष्ट होतात त्या दैन्यानेच येथे वेगळे काम केले: मठाकडे पैसाच नसल्यामुळे नव्या अभिरुचीप्रमाणे जुने चर्च पाडून नवे बांधणे त्याला परवडले नाही, आणि दरीपर्यंत सैन्ये किंवा व्यापारी क्वचितच पोहोचल्यामुळे कोश बव्हंशी शाबूत राहिला.

खरी कसोटी फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी लागली. नव्या शासनाने धर्मसंस्था बरखास्त केल्या आणि चर्चमधील सोन्या-चांदीच्या वस्तू वितळवून नाणी पाडण्यासाठी देशभर जप्ती सुरू झाली. फ्रान्समधील मध्ययुगीन सुवर्णकामाचा फार मोठा भाग या काही वर्षांत कायमचा नाहीसा झाला. कोंकच्या रहिवाशांनी मात्र कोशातील वस्तू आपापसांत वाटून घेतल्या, घरांत, बागांत आणि चेस्टनट धुरावर वाळवण्याच्या कोठ्यांत लपवून ठेवल्या, आणि धोका टळल्यावर त्या परत आणून दिल्या, अशी आठवण गावाने जतन केली आहे. ज्या घरांत चेस्टनटच्या पिठावर वर्ष काढावे लागे त्या घरांनी हे केले. कोंकच्या इतिहासात सम्राट आणि मठाधिपती पुष्कळ आहेत, परंतु ज्यांची नावेही नोंदवली गेली नाहीत अशा या शेतकऱ्यांचे ऋण सर्वांत मोठे आहे. त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की याच गावाने बेगोंचे प्रांगण मात्र वाचवले नाही. मोडकळीस आलेल्या त्या स्तंभावलींचे दगड एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घरे आणि बांध रचण्यासाठी नेले गेले आणि पश्चिमेकडील काही जोडकमानींखेरीज त्यातले थोडेच जागेवर उरले. संतस्त्रीच्या मूर्तीवरचे सोने पवित्र होते, संन्याशांच्या फिरण्याच्या जागेचे दगड नव्हते.

1837 मध्ये ऐतिहासिक वास्तूंचा महानिरीक्षक आणि ख्यातनाम साहित्यिक प्रोस्पेर मेरिमे येथे पोहोचला. इतक्या ओसाड जागी एवढे वैभव सापडेल अशी त्याची अपेक्षा नव्हती. चर्च कोसळण्याच्या बेतात असल्याचे पाहून त्याने शासनाकडे निधीचा आग्रह धरला आणि त्यानंतर सुरू झालेल्या दुरुस्त्यांमुळेच इमारत उभी राहिली. पश्चिमेकडील दोन मनोऱ्यांची आजची टोके एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वास्तुविशारद फोर्मिजे याने चढवलेली आहेत, हे पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावे. 1873 मध्ये रोदेझच्या बिशपने प्रेमोंत्रे संघाच्या धर्मबंधूंना कोंक येथे बोलावले आणि दोनच वर्षांनी, वेदीभोवतीच्या दोन खांबांमधील भिंत उघडली असता, मीनाकामाच्या चकत्या जडवलेली चामड्याची पेटी आणि तिच्यात अस्थी सापडल्या. त्या सेंत फ्वाच्याच असल्याचे चर्चने मान्य केले आणि खंडित झालेली यात्रा पुन्हा सुरू झाली. तिचा उत्सव 6 ऑक्टोबरला असतो. प्रेमोंत्रे धर्मबंधू आजही येथे राहतात आणि पायी येणाऱ्या यात्रेकरूंना आसरा देतात.

चर्चभोवतीचे गाव स्वतःही पाहण्यासारखे आहे. लाकडी चौकटींत दगड-माती भरून उभारलेल्या भिंतींची आणि शिस्टच्या पातळ चकत्यांनी शाकारलेल्या छपरांची घरे उतारावर एकावर एक चढत गेलेली आहेत. जुन्या तटबंदीतील बारी आणि व्हेंझेल ही द्वारे अजून उभी आहेत, आणि शार्लमेनच्या नावाची दगडी फरसबंदीची गल्ली खाली दुर्दू नदीवरील जुन्या पुलाकडे उतरते, ज्यावरून यात्रेकरू पुढच्या वाटेला लागत. हा पूल आणि चर्च या दोहोंना, फ्रान्समधील सांतियागो मार्गांचा भाग म्हणून, 1998 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. गावाची वस्ती तीनशेच्याही आत आली होती आणि 1 जानेवारी 2016 पासून शेजारच्या तीन गावांसह त्याची 'कोंक-आँ-रुएर्ग' ही एकत्रित ग्रामपालिका झाली आहे.

कोंकच्या चर्चमधील सर्वांत अलीकडची भर विसाव्या शतकातली आहे. काळ्या रंगाच्या चित्रांसाठी जगप्रसिद्ध झालेला पिएर सूलाज (1919-2022) हा जवळच्याच रोदेझचा. शाळकरी वयात कोंकचे हे चर्च पाहिले तेव्हाच आपण कलेलाच आयुष्य वाहायचे असे ठरवल्याचे तो सांगत असे. 1987 ते 1994 या काळात त्याने चर्चच्या 104 खिडक्यांसाठी नवी काचकामे तयार केली. विसाव्या शतकाच्या मध्यास बसवलेल्या रंगीत चित्रकाचा त्यासाठी काढण्यात आल्या आणि गावातील अनेकांना हा बदल सुरुवातीला रुचला नाही. सूलाजने रंग आणि आकृती दोन्ही टाळले. प्रकाश आत येऊ देणारी पण बाहेरचे दृश्य दिसू न देणारी काच बाजारात मिळेना, तेव्हा शेकडो चाचण्या करून त्याने ती बनवून घेतली आणि तुलूझचा काचकारागीर जाँ-दोमिनिक फ्लरी याच्या साहाय्याने शिशाच्या किंचित वक्र, तिरप्या रेषांत ती बसवली. दिवसाच्या प्रहराप्रमाणे या काचांवरचा प्रकाश निळसर, करडा किंवा उबदार पिवळा होत जातो आणि तिन्ही दगडांचे मूळ रंग प्रथमच निखळ दिसू लागतात. नऊशे वर्षांपूर्वीच्या वास्तूत आधुनिक कलावंताने काय करावे या प्रश्नाला मिळालेले हे अत्यंत संयमी आणि म्हणूनच यशस्वी उत्तर आहे. या खिडक्यांसाठी केलेली पूर्वतयारीची रेखाटने 2014 मध्ये रोदेझ येथे सुरू झालेल्या सूलाज संग्रहालयात ठेवलेली आहेत, आणि कोंकला जाणाऱ्याने वाटेत ती आधी पाहिली तर एकेका रेषेचा कोन ठरवण्यासाठी किती विचार झाला होता हे त्याला चर्चमध्ये उभे राहिल्यावर उमजते.